चिकट लागतंय इथे

“इंजिन कोण पुसते मॅडम तुमच्या घरी?” मिस्त्रीनं बॉनेटखालून मान न काढताच विचारलं, आणि मी “मीच” म्हणून मोकळी झाले.

अवघं दोन अक्षरांचं खोटं. बॉनेट उघडायचा खटका स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी असतो यापलीकडे माझं त्या भागाचं ज्ञान नाही. अकरा वर्षांत मी स्वतःहून ते एकदाही उघडलेलं नव्हतं. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून, जुन्या बनियनचा बोळा हातात घेऊन पुसत बसतात ते बाबा. आणि बाबा त्या क्षणी माझ्यापासून सहा फुटांवर, टायरच्या चळतीशेजारी, एक पाय किंचित वाकडा झालेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत काळा गॉगल लावून बसले होते. त्यांचे डोळे अधू झालेत, कान नाहीत. त्यांनी ऐकलं. मांडीवरची कापडी पिशवी उगाच उजवीकडून डावीकडे घेतली आणि बडनेरा रोडवरच्या ट्रॅफिककडे तोंड करून बसले. मिस्त्री बोलतच होता. “इथं काळा डाग असाले पाह्यजे होता. गॅससोबत तेल जाते न मॅडम, त्याच्यावर धूळ बसते, चांगला रुपयाएवढा डाग होते. तुमचं तं सारं चकाचक! डाग दिसला असता तं दोन सालाआधीच पकडलं असतं कोनी बी.”

आदल्या दिवशी नागपूरहून अमरावतीला परत येताना एसी गेला होता. गेला म्हणजे धाडकन बंद पडला नाही. बाबांच्या डोळ्यात दर महिन्या-दीड महिन्यानं इंजेक्शन असतं. पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं, त्यामुळे हल्ली ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. इंजेक्शनच्या दिवशी डोळ्यात धूळ नको, घाम नको, हात नको. म्हणून काचा बंद आणि एसी चालू, हा आमचा मेमधला शिरस्ता. कोंढाळी मागे टाकली आणि वारा जरा कोमट वाटायला लागला. मी पंखा एकनं वाढवला. आणखी एकनं वाढवला. कॉम्प्रेसर सुरू होताना एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो आणि गाडी क्षणभर जड होते. तो ‘टक्’ बराच वेळ आला नाही हे माझ्या लक्षात येईपर्यंत जाळीतून येणारी हवा माणसाच्या उच्छ्वासाइतकी गरम झाली होती. तळेगावाच्या अलीकडे काचा उघडल्या. चव्वेचाळीस अंशांची ती झळ, तिला वारा म्हणवत नाही. भट्टीचं दार कुणीतरी उघडून धरलंय आणि बंद करायला विसरलंय, तसं. मी बाटलीतलं पाणी नॅपकिनवर ओतून बाबांना दिलं. त्यांनी तो डोळ्यांना लागणार नाही असा, पदर घेतल्यासारखा डोक्यावरून घेतला आणि मोझरीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिवशाला नॅपकिन पुन्हा भिजवला होता. तेवढ्याशा अंतरात तो पापडासारखा कडक झाला होता.

आता लाज वाटते ती याची, की हे अनपेक्षित नव्हतं. तीन उन्हाळे ओळीनं हेच होत होतं. मार्च संपला की हवा कोमट, मग कुठल्यातरी गॅरेजात, “गॅस कमी झालाय, टॉप-अप मारून देतो.” पहिल्या वर्षी बाराशे, मग पंधराशे, मग अठराशे. वीस मिनिटांचं काम. हवा बर्फासारखी. मी खूश, गॅरेजवाला खूश. पेट्रोल भरतो तसा गॅसही भरायचा असतो, असंच मी धरून चालले होते. आणि हे मी कॉलेजात पोरांना शिकवणारी बाई.

या मिस्त्रीनं मात्र आधी दाब मोजायचं दोन घड्याळांचं मीटर लावलं, निळी नळी एका ठिकाणी, लाल दुसऱ्या ठिकाणी, आणि इंजिन बंद असतानाच मला बोलावून काटा दाखवला. “पस्तीस. या उन्हात बंद गाडीत शंभराच्या वर पाह्यजे. आत काईच नाई राह्यलं. म्हणून थो कॉम्प्रेसर लागूनच नाई रायला, स्विच त्याले लागू देत नाई. नाईतर जळून जाईन.” मी आपली हुशारी दाखवत म्हटलं, मागच्या एप्रिलमध्येच तर भरला होता, इतक्यात संपला? तो हसला. बोटांची काजळी चिंधीला पुसत म्हणाला,

“गॅस संपत नसतो मॅडम. जातो.”

मला फ्रिजवरून काही सुचलं होतं ते मी बोलून दाखवलं. घरचा फ्रिज बावीस वर्षांचा, आईच्या हातचा, त्यात कधी कुणी गॅस भरल्याचं आठवत नाही. “तेच सांगून रायलो,” तो म्हणाला. फ्रिजमध्ये सगळं तांब्याच्या नळीनं झाळून बंद केलेलं असतं, आणि फ्रिज एका जागी उभा असतो. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनला बांधलेला, आणि इंजिन रबराच्या पायांवर सारखं थरथरत असतं. गॅसचा पुन्हा द्रव करणारा कंडेन्सर मात्र पुढच्या जाळीमागे बॉडीला घट्ट. एक हलणार, एक नाही. दोघांच्या मध्ये धातूची नळी टाकली तर महिनाभरात तडकेल. म्हणून तिथे रबरी पाइप, आणि त्याच्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या टोप्या दाबून बसवलेल्या. रबर उन्हात आणि इंजिनच्या धगीत वाळतं, टोपीची पकड सैल होते, आणि केसाएवढ्या फटीतून गॅस हळूहळू बाहेर. त्या गरम पाइपातला दाब चालू गाडीत दोनशे-अडीचशेवर जातो, टायरमध्ये असतो तीस-बत्तीस. हे त्यानं टायरच्या चळतीवर हात आपटून सांगितलं.

मग शोध सुरू झाला. उरलासुरला गॅस त्यानं पिन दाबून सोडून दिला, फुस्स, आणि तो आवाज दोन-तीन सेकंदांत संपला. परत ओढून घ्यायचं मशीन मोठ्या वर्कशॉपमध्ये असतं, त्याच्याकडे नव्हतं. सिलिंडरातून नायट्रोजन भरला, काटा दीडशेच्या पुढे नेला. पोऱ्यानं डबड्यात साबणाचा फेस घोटून आणला, दाढीचा ब्रश होता तो. मिस्त्रीनं एकेक जोड आधी कोरड्या फडक्यानं पुसून घेतला आणि मग त्यावर फेस ठेवला, पूजेत गंध लावावं इतका बेतानं. पहिला जोड शांत. दुसरा शांत. कॉम्प्रेसरपासून निघणाऱ्या पाइपाच्या टोपीवर फेस ठेवला आणि आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. पोऱ्यानं मोबाइलची बॅटरी धरली होती. काही होईना. मग फेसाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, हरभऱ्याएवढा झाला, फुटला. थोड्या वेळानं दुसरा. अठराशे रुपये वर्षाला इतक्या सावकाश जाताना मी पहिल्यांदा पाहिले. आणि तेव्हाच त्यानं तो प्रश्न विचारला होता, इंजिन कोण पुसतं म्हणून.

पाइपाचे दोन रस्ते होते. नवीन मागवायचा तर पाच दिवस आणि किंमत ऐकून मी पुन्हा विचारली. किंवा टोकांचे ॲल्युमिनियमचे वाकडे तुकडे तेच ठेवून मधला रबर नवा घालून प्रेस करून आणायचा. “टाका प्रेस,” मी म्हटलं, आणि त्याच्या स्कूटरमागे गाडीविना, रिक्षा करून गेले, कारण मला ते बघायचं होतं. बाबा गॅरेजातच बसले, पोऱ्यानं त्यांच्याकडे पंखा वळवून दिला. प्रेसच्या दुकानात भिंतभर पाइपांची वेटोळी टांगलेली, ट्रॅक्टरचे, जेसीबीचे, आमचा त्यात करंगळीएवढा. कापायच्या आधी मिस्त्रीनं खडूनं पाइपावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. का, ते मला मागून कळलं. दोन्ही टोकं वेगवेगळ्या दिशेनं वाकलेली असतात, प्रेस झाल्यावर ती फिरवता येत नाहीत; कोन जरा चुकला तर पाइप गाडीत बसतच नाही, बसवला तर पिळवटून बसतो आणि वर्षात पुन्हा गळतो. सगळ्या कामातली अक्कल त्या खडूच्या रेघेत होती. जुना पाइप करवतीनं कापल्यावर त्यानं मला तुकडा हातात दिला. केळीच्या खोडासारखे पापुद्रे: बाहेर काळं रबर, मग दोऱ्यांची विणलेली जाळी, पुन्हा रबर, आणि अगदी आत नायलॉनचं पातळ अस्तर. नुसत्या रबरातून गॅस झिरपतो म्हणून ते अस्तर. टोपीखालचं रबर नखानं दाबलं तर मोडलं, वाळक्या बोरासारखं. नवीन पाइपावर टोपी चढली, मशीनचे आठ जबडे चहूबाजूंनी एकदम मिटले, उघडले. झालं. अर्धं मिनिटही नाही.

पुढचं काम वाट बघण्याचं. नवीन ओ-रिंग, म्हणजे जोडांतल्या रबरी कड्या, तेलात बुडवून बसवल्या, ओल धरणारा फिल्टर बदलला, आणि व्हॅक्यूमचा पंप लावून दिला. पाऊण तास. आतली सगळी हवा ओढून काढायची, कारण हवेबरोबर ओल असते, आणि ओल आत राहिली तर गोठून वाट अडवते नाहीतर आतून धातू खाते. “पानी तं आत उकळून जाते मॅडम, बिनाआगीचं,” मिस्त्री म्हणाला आणि चहा सांगायला गेला. बाबा इतका वेळ गप्प होते, ते एकदम म्हणाले, “छागल.”

छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बाबा पाटबंधारे खात्यात होते, अप्पर वर्धा धरणाच्या कामावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. खात्याच्या जीपला बाहेरून ही छागल टांगलेली असे. मी सात-आठ वर्षांची असताना मोर्शीहून सिंभोऱ्याला त्या जीपमधून गेलेली आठवते: तोंडाला रुमाल, पापण्यांवर धूळ, जीपचा पत्रा हात लावू देत नव्हता, आणि त्या भिजलेल्या, ठिबकत्या पिशवीतलं पाणी मात्र माठाहून गार. कॅनव्हासमधून पाणी झिरपायचं, वारा लागून उडायचं, उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जायचं. पिशवी पाझरत नसती तर पाणी गार झालंच नसतं. गाडीच्या एसीत तेच चालतं, फक्त पाण्याच्या जागी असा द्रव, जो उघड्यावर उणे सव्वीस अंशांनाच उकळतो. म्हणजे मेमध्ये सोडाच, जानेवारीतल्या चिखलदऱ्याच्या पहाटेही तो उकळेल. आणि छागलीतलं उडालेलं पाणी परत येत नव्हतं. इथे तो उडालेला गॅस पकडून, दाबून, पुढच्या जाळीशी त्याचा पुन्हा द्रव करून फिरवत राहायचा. बाबांनी हे सगळं मला एकाच शब्दात सांगितलं आणि मी ते इथे इतकी वाक्यं घालवून सांगतेय.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसले. आमच्या गाडीत असतो तो गॅस म्हणजे आर-१३४ए. त्याच्या आधीचा ओझोनच्या मुळावर आला म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलमध्ये त्याला घालवायचं ठरलं आणि त्याच्या जागी हा आला. हा ओझोनला काही करत नाही, पण हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. मी कागद घेतला. वर्षाला अंदाजे दोनशे ग्रॅम गेला धरला तर २८६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. एक लिटर पेट्रोल जळून सव्वादोन-अडीच किलो होतो. म्हणजे दरवर्षी सव्वाशेएक लिटर पेट्रोल मी कुठेही न जाता, पोर्चमध्ये उभ्या गाडीतून, मोहरीएवढ्या बुडबुड्यांनी जाळत होते. सिग्नलला इंजिन बंद करते म्हणून मला स्वतःचं कोण कौतुक! त्याच वाचनात एक मजा सापडली ती सकाळी बाबांना सांगितली. १९३९च्या सुमाराला अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी लावून गाड्या विकल्या. त्याचं यंत्र अर्धी डिकी व्यापायचं, आणि गार फार व्हायला लागलं तर गाडी थांबवून, खाली उतरून, इंजिनचा पट्टा हातानं काढायचा. बाबा खूप हसले. म्हणाले, “आमची छागल बरी की.”

पण मी पुढे गेले. गॅरेजात अजून गॅस भरायचा होता. बॉनेटच्या खालच्या बाजूला एक स्टिकर असतो, कुठला गॅस आणि किती ग्रॅम. आमच्या गाडीवर ३८० लिहिलंय. तीन वर्षांत भरणाऱ्यांपैकी कुणी तो बघितल्याचं मला आठवत नाही, हात लावून ‘गार झालं’ म्हणाले की झालं. या मिस्त्रीनं सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, आणि त्याआधी पंप बंद करून वीस मिनिटं नुसता काट्याकडे बघत बसला. व्हॅक्यूमचा काटा उणे तीसला होता. तो हलतो का, एवढंच बघायचं. नाही हलला. मग ३८० ग्रॅम, एकही जास्त नाही. ‘टक्’ झाला. मिस्त्रीनं जाळीत स्वयंपाकघरातला वाटावा असा थर्मामीटर खोचला: बाहेर त्रेचाळीस, जाळीत अकरा. स्वतः मात्र तो तीन तास त्रेचाळीसमध्येच होता, हे मला पैसे देताना सुचलं, आणि सुचून मी काय करणार होते? शंभर रुपये जास्त ठेवले, ते त्यानं मोजून परत केले. “थंडीत बी आठवड्यातून दहा मिनिटं लावत जा. तेल फिरते. आन् इंजिन पुसनं जरा कमी करा मॅडम.”

गाडीत बसल्यावर बाबांनी तळहात जाळीसमोर धरला आणि राजापेठेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, “खोटं कशाला बोललीस?”

मी म्हटलं, त्यात काय एवढं. तो उगाच तुम्हाला काहीतरी म्हणाला असता.

“काय म्हणाला असता? पुसल्याशिवाय कळतं का?” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खात्यातल्या कनिष्ठांशी बोलताना असायचा तसा झाला होता. “तो डाग जुना आहे की नवा येतोय, हे न पुसता कळेल? आज पुसायचं, पुढच्या रविवारी बोट लावायचं. परत ओलं लागलं तर पाझर आहे. आम्ही धरणावर तरी दुसरं काय करत होतो?” धरणाच्या पायथ्याशी पाझराचं पाणी ज्या नालीतून जातं, तिथे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवतात, खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते पट्टीवर वाचून रोज वहीत लिहायचं. मातीचं धरण पाझरतंच. पाझर तसाच नितळ येत राहिला तर जेवायला जायचं, वाढला किंवा गढूळ झाला तर वर फोन करायचा. हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्याकडे लक्ष द्यायचं कधीच सोडून दिलंय. “आणि तुला सांगितलं होतं मी,” बाबा म्हणाले. “दोनदा.”

सांगितलं होतं. मला लख्ख आठवलं, आणि आठवताच सिग्नलचा हिरवा झालेला दिवा माझ्या लक्षात आला नाही, मागच्यानं हॉर्न दिला. गेल्या दिवाळीच्या आसपासचा रविवार, मी पोर्चमधून कुंड्यांना पाणी घालत होते. बाबा बॉनेटमध्ये वाकून, मान बाजूला करून (समोरचं दिसत नाही म्हणून), अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत म्हणाले होते, “चिकट लागतंय इथे.” मी म्हटलं होतं, “असू द्या हो बाबा, इंजिन आहे, तेल असणारच.” दुसऱ्यांदा कधी सांगितलं ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही. तेव्हा मी बहुधा फोनवर असेन. डोळ्यांनी दिसत नाही तेव्हापासून त्यांना असं बरंच काही बोटांना लागतं: पोळी एका बाजूनं कच्ची आहे, माझ्या कुर्त्याची शिवण उसवलीय, नळाच्या खाली ओल आहे. आणि दर वेळी मी “असू द्या” म्हणते. मिस्त्रीसमोर त्यांच्या चुकीवर पांघरूण घालायला धावलेली मी. आणि चूक होती कुणाची? घरी येईपर्यंत दोघंही बोललो नाही. एसी मात्र असा लागत होता की मला एकवर आणावा लागला.

परवाच्या रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले तर बॉनेट उघडं होतं. बाबांचा बनियनचा बोळा नेहमीसारखा फिरत होता, बॅटरीवर, डब्यांवर, एअर फिल्टरच्या झाकणावर. सगळं चकाचक. नव्या पाइपाची टोपी आणि तिच्या आजूबाजूचा वीतभर भाग तेवढा तसाच ठेवलेला, त्यावर तीन आठवड्यांची बारीक करडी धूळ. बोळा तिथवर येत होता आणि वळसा घालून पुढे जात होता. पुसून संपल्यावर त्यांनी तर्जनी त्या टोपीवर टेकवली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली.

“कोरडं आहे,” ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले. “बघ तूही.”

मी कप बॅटरीवर ठेवला, तो त्यांनी लगेच उचलून खाली ठेवला. मग मी वाकले आणि बोट लावलं.